काखमांजरी पुन्हा पुन्हा होते तेव्हा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत उन्हाळ्यातल्या त्वचेच्या तक्रारींवर लेख आला होता. काखेत, जांघेत वारंवार गळवे येणाऱ्यांनी अंगाची स्वच्छता राखावी, असा सल्ला त्यात होता. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी ब्लाउज शिवते. सतरा वर्षे मला ही गळवे येत आहेत. त्यातली पहिली अकरा वर्षे मी दिवसातून दोनदा आणि उन्हाळ्यात तीनदा आंघोळ केली आहे. कडुनिंबाचा पाला उकळून केली, जंतुनाशक साबणाने घासून घासून केली, कातडी सोलवटून निघेपर्यंत केली. गळवे यायची ती आलीच.

पहिले आले तेव्हा आजी म्हणाली, काखमांजरी झाली. भाजलेला कांदा आणि हळद बांधली, ते पिकून फुटले, आठ दिवसांत विसरूनही गेले. मग दुसऱ्या काखेत आले. मग जांघेत. कुणी म्हणाले अंगात उष्णता आहे, कुणी आंबा सोडायला लावला. जाऊबाईंनी माझा टॉवेल वेगळा वाळत घालायला सांगितला. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मलाही वाटत होते की माझ्यातच काहीतरी घाण आहे. आज सांगते : हा आजार लागट नाही आणि अस्वच्छतेने होत नाही.

ठणका सहन होईना की मी दवाखान्यात जायची. चिरा द्यायचे, पू काढायचे, पाच दिवसांच्या गोळ्या द्यायचे. दोन-तीन महिन्यांनी तिथेच, नाहीतर बोटभर अंतरावर, पुन्हा गाठ. दरवेळी नवा केसपेपर आणि त्यावर तेच : काखेतील गळू. आधी कधी आले होते, आणखी कुठे येते, हे कुणी विचारले नाही. जांघेचे मी लाजेने आपणहून सांगितले नाही. ती चूक माझी.

हे कागद मी बॉबिनच्या डब्यात ठेवत गेले. २०१९ मध्ये सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते सगळे टेबलावर ओळीने मांडले. अकरा होते. त्यांनी दोन्ही हात वर करायला लावले आणि हळूच विचारले, ‘जांघेत पण येतं का?’ काखेतले बारीक काळे ठिपके त्यांनी आरशात दाखवले, जोडीजोडीने असलेले. एवढ्यावरून त्यांनी आजाराचे नाव सांगितले : हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा. रक्ताचा कुठलाही खास तपास लागला नाही. जगभरातच याचे निदान व्हायला सात ते दहा वर्षे जातात, असे त्या म्हणाल्या. मला ऐकून बरे वाटले नाही, रागच आला.

नावाचा अर्थ घामाच्या ग्रंथींची सूज असा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद व्हर्नोय यांना तसेच वाटले होते. आता कळले आहे की सुरुवात केसाच्या मुळाशी होते. मूळ बुजते, आतल्या आत फुटते आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथे भडकते. आपला ‘केसतोड’ हा जुना शब्द त्या लांबलचक नावापेक्षा जास्त खरा आहे. पुन्हा पुन्हा फुटून कातडीखाली बोगदा तयार होतो. परकराचा नेफा असतो तसा, दोन्हीकडे तोंड असलेला. नेफ्याचे एक तोंड उसवले म्हणून आतली पोकळी जात नाही. अकरा चिऱ्यांनी माझे का भागले नाही, ते मला या नेफ्यावरून समजले.

उपचार आहेत. मला आधी क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे लोशन आणि डॉक्सिसायक्लिन हे दुसरे प्रतिजैविक दिले, मग दहा आठवडे क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिन हे क्षयाचेही औषध. लघवी नारिंगी होते आणि औषधाच्या दुकानात माणसे वेगळ्याच नजरेने बघतात. (गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, हे बायकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.) नंतर जागा बधिर करून दोन बोगद्यांचे वरचे छप्परच कापून काढले आणि जखम उघडी ठेवून ड्रेसिंगवर भरू दिली. पाच आठवडे उजवा हात कात्रीला लागला नाही. त्या दोन जागा आजवर पुन्हा उठल्या नाहीत. दुसरीकडे येते, पाळीच्या आधी हमखास, पण वर्षाकाठी दोन-तीनदा. आजार गेलेला नाही, आटोक्यात आहे.

धूम्रपान आणि वाढलेले वजन यांनी तो बळावतो. माझी मिश्री सुटली, वजन थोडे उतरले. पण सडपातळ, निर्व्यसनी माणसांनाही तो होतो, कित्येकदा घराण्यात असतो. म्हणून रुग्णाला वजनावरून बोलून वाटेला लावू नये, ही डॉक्टरांना विनंती.

ज्यांचा आजार फार वाढला आहे त्यांच्यासाठी भडकलेली प्रतिकारशक्ती दाबणारी अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शने आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये या आजारासाठी त्यांना मान्यता मिळाली आणि त्याआधीच, २०१४ मध्ये, अहमदाबादच्या कंपनीने त्यांची स्वस्त भारतीय आवृत्ती आणली होती. आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण दबलेला क्षय त्याने उसळू शकतो. स्वस्त म्हणजे मूळ औषधाच्या मानाने. शिलाईच्या पैशांत दर आठवड्याचे इंजेक्शन बसत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते मिळायला हवे.

गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांची मुलगी बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज शिवायला आली. मुंढ्याचे माप घ्यायला हात वर कर म्हटले, तर कोपर अंगाला चिकटवून उभी राहिली. ‘अंदाजानं घ्या ना काकू.’ मी दार लोटून घेतले आणि तिला माझी काख दाखवली. मग तिने तिची दाखवली. घरी तिलाही रोज दोनदा आंघोळ कर म्हणूनच सांगत होते. तिचा मुंढा मी बोटभर सैल ठेवला आणि आत जुन्या धोतराची मऊ दुहेरी पट्टी लावली, स्वतःच्या ब्लाउजांना लावते तशी. पू कापडातून बाहेर दिसत नाही आणि शिवण घासत नाही. येत्या गुरुवारी मी तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.

त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी. सहा महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा बसण्याच्या जागी अशा गाठी आल्या, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आधीचे सगळे कागद सोबत न्यावेत आणि लपवलेली जागाही दाखवावी, एवढे त्यात असले तरी चालेल. कात्रण मी माप घेते तिथल्या आरशाशेजारी लावीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, मिरज