कागदाचा फोटो नको, फाइल द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर हल्ली कागद भरपूर चढतात. अंदाजपत्रके, निविदा, लाभार्थ्यांच्या याद्या, पाणीपुरवठ्याच्या सूचना, सगळे असते. पण उघडून पाहावे तर हाती येतो तो कागदाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही.

हे होते कसे ते पाहण्यासारखे आहे. लिपिक वर्ड किंवा एक्सेलमध्ये मजकूर टंकतो. साहेबांच्या सहीसाठी तो छापतात. सही-शिक्का झाला की कागद स्कॅनरवर जातो आणि ‘स्कॅन०००१’ अशा नावाने संकेतस्थळावर चढतो. एखादे पान उलटेही असते. म्हणजे संगणकात तयार असलेली चांगली फाइल मोडून आपण तिचे चित्र करतो, आणि त्यासाठी वर कागद, शाई आणि माणसाचा वेळ घालवतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलेले ए-४ पान म्हणजे सुमारे २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे चित्र. रंगीत असेल तर फाइल दाबून लहान केली तरी ते सहज अर्धा-एक एमबीचे होते. ४० पानांचे अंदाजपत्रक मग २० ते ४० एमबीवर जाते. तोच मजकूर वर्डमधून थेट पीडीएफ केला तर फाइल बहुधा एक एमबीच्या आत बसते.

सोलापुरात याची झळ जरा जास्तच बसते. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारेही मोठ्या संख्येने. मजकूर खरा मजकूर असेल तर साध्या स्मार्टफोनवरही तो निवडून तेलुगू-कन्नड-उर्दूत वाचता येतो, वाचता न येणाऱ्याला फोन तो मोठ्याने वाचून दाखवतो. अंध व्यक्तीच्या फोनमधले टॉकबॅक हे वाचनयंत्र मजकूर वाचते, स्कॅनपुढे मात्र बहुधा त्याची मती गुंग होते. गुगल लेन्स चित्रातली अक्षरे ओळखते हे खरे, आणि चार ओळींच्या सूचनेला ते पुरतेही. तक्त्याला पुरत नाही. रकाने सरकतात, ‘५’चा ‘६’ आणि ‘१’चा ‘९’ होतो, दशांश चिन्ह गळाले की १२.५० लाखांचे १२५० लाख होतात. अशा आकड्यांवर कोणी वॉर्डाच्या खर्चाचा हिशोब मांडू नये.

“सही नको का?” हा नेहमीचा आक्षेप. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ५ने इलेक्ट्रॉनिक सहीला कायद्याची मान्यता दिलेली आहे. राज्याचे शासन निर्णयही संकेतांक देऊन डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून निघतात, ते शेवटच्या ओळीत लिहिलेलेच असते. मंत्रालयाला चालते ते तालुक्याला का चालू नये? आणि शाईची सहीच हवी असेल तर स्कॅन प्रतही ठेवा, पण तिच्या शेजारी मूळ फाइल द्या.

त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. वर्डमध्ये ‘प्रिंट’मधून पीडीएफ करू नये, ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन पीडीएफ निवडावे आणि पर्यायांत अपंगांसाठीच्या दस्तऐवज-रचनेच्या टॅगची खूण चालू आहे का पाहावे. छपाईच्या मार्गाने केलेल्या पीडीएफमध्ये हे टॅग उतरत नाहीत, आणि मथळा कुठला, तक्ता कुठला हे वाचनयंत्राला कळत नाही. टंक (फॉन्ट) युनिकोडचा असावा, मंगल किंवा निर्मला चालेल. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. नक्कल करून दुसरीकडे डकवले की चिन्हांचा गोंधळ उरतो आणि शोधात ‘जलवाहिनी’ कधीच सापडत नाही.

युनिकोडचे पीडीएफही निर्दोष नसते. त्यात अक्षरांपेक्षा अक्षरांच्या आकृत्यांची मांडणी जास्त असते. नक्कल करताना पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. म्हणून तक्ता असेल तर एक्सेलची फाइलच द्यावी. एका ओळीत एक बाब, रकाने एकमेकांत मिसळलेले नसावेत, ‘रुपये’ की ‘लाख रुपये’ ते शीर्षकात लिहावे. आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत; देवनागरी अंकांना एक्सेल बरेचदा मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करायची तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावी. दुसऱ्याने दिलेली सीएसव्ही उघडताच मराठीची चिन्हे झाली तर दोनदा टिचकी मारून न उघडता ‘डेटा’ मेनूतून आणावी आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे. मजकूर जागेवर येतो.

पाण्याच्या सूचनेचे दुखणे वेगळे आहे. तिचा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते, आणि तो उतरवून पुन्हा पुन्हा नव्याने पाठवला की पेठांची नावे पुसट होतात. त्याहून वाईट म्हणजे ‘उद्या पाणीपुरवठा बंद’ असे लिहून तारीख न टाकणे. मागच्या महिन्यातली सूचना परत फिरते आणि पाण्याची पाळी मोजून घरातली भांडी भरून ठेवणाऱ्यांची तारांबळ उडते. दिनांक, वार, वर्ष मजकुरातच लिहून सूचना साध्या संदेशात पाठवली की काम झाले. त्यासाठी ॲप नको. संपर्क, छायाचित्रे, ठावठिकाणा सगळ्यांची परवानगी मागणारे ॲप अँड्रॉइडची पुढची आवृत्ती आली की बंदही पडू शकते. साधे वेबपान टिकते.

कायद्यात हे सगळे आहेच. माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४(१)(ख) सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करायला सांगते आणि ४(४) ती माहिती शक्यतो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, स्थानिक भाषेत सहज मिळावी असे म्हणते. अर्ज करायचा तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. त्यात ‘छायांकित प्रती’ मागितल्या तर दोन रुपये पानाने पुन्हा कागदच हाती येतील. म्हणून ‘सदर यादी ज्या एक्सेल फाइलमध्ये तयार केली तीच फाइल कलम २(ञ) नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी’ असे लिहावे. कलम ७(९) प्रमाणे मागितलेल्या स्वरूपातच माहिती द्यायची असते. कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच स्वरूप बदलता येते. तयार फाइल ईमेलला जोडण्यात असा ताण कुठला? तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पुन्हा स्कॅनच आला, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील करावे आणि त्यात ती यादी कोणत्या संगणकावर, कोणत्या फाइलमध्ये टंकली होती एवढेच विचारावे.

आपला,
एक वाचक,
जुळे सोलापूर