चष्मा उतरेल, डोळा तोच राहील

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

लेसर करून घ्यायचं तू मनावर घेतलं आहेस. माझी त्याला ना नाही. शाळेत असल्यापासून तुझ्या नाकावर चष्मा आहे, तो नकोसा होणं मला समजतं. पण 'एकदा केलं की डोळ्यांची कटकट कायमची संपली' हे तुझं वाक्य मनातून जात नाही.

लेसर काम करतो तो फक्त कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, साधारण 540 मायक्रॉन. मायनस नंबर घालवायचा तर हा पडदा मध्ये थोडा चपटा करायचा, आणि त्यासाठी त्यातला काही भाग कायमचा काढून टाकायचा. एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन धर. तुझा नंबर 6, म्हणजे 70 ते 90 मायक्रॉन गेलेच. लॅसिक या पद्धतीत आधी कॉर्नियाचा वरचा पातळ थर कापून झाकणासारखा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात; तो आणखी शंभर-सव्वाशेचा. त्याच्याखाली निदान 250, आणि बऱ्याच डॉक्टरांच्या मते 300 मायक्रॉन शिल्लक राहायलाच हवेत. नाहीतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगत जाण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांनी जाडी मोजून किंवा कॉर्नियाचा आकार पाहून 'तुम्हाला नको' म्हटलं, तर हिरमुसू नकोस. आणि कृपा करून 'हो' म्हणणारा दुसरा दवाखाना शोधत फिरू नकोस.

बहुतेकांना नंतर चष्म्याशिवाय 6/6 किंवा त्याच्या जवळपास दिसतं, हे खरं आहे. पण 6/6 म्हणजे उजेडात, पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचता येणं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं, प्रकाश फाकल्यासारखा वाटणं, हे त्या तक्त्यावर मोजलंच जात नाही. बऱ्याच जणांना सुरुवातीला हा त्रास होतो, काही महिन्यांत ओसरतो; थोड्यांचा राहतो. तू रात्री गाडी चालवतेस, म्हणून अंधारात तुझी बाहुली किती मोठी होते आणि नंबरही बराच असताना रात्रीची नजर कशी राहील, हे मुद्दाम विचार.

डोळ्यांच्या कोरडेपणाची मला जास्त काळजी आहे. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात, आणि डोळा ओला ठेवण्याची खूण त्याच नसा देतात. त्या पुन्हा वाढतात, पण सहा महिने, कधी वर्षही लागतं. तू दिवसभर स्क्रीनसमोर असतेस, संध्याकाळी डोळे चुरचुरतात अशी तक्रार आत्ताच असते. तो कोरडेपणा आधी तपासून घे, उपचार कर, मगच तारीख ठरव. फ्लॅप न करता वरचा थर काढून करायची पीआरके ही पद्धतही असते. तिच्यात पहिले काही दिवस दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो, एवढं सुट्टी घेताना लक्षात ठेव.

लेसर कॉर्नियाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी नाही. जास्त मायनस नंबरात डोळा मागे लांबलेला असतो आणि रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, ताणलेला असतो. चष्मा गेल्यावरही तो तसाच राहतो, म्हणून रेटिनाची तपासणी चालूच ठेवायची. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो मायनस नंबर घालवल्याने टळत नाही.

गेल्या वर्षभरात तुझा नंबर बदललेला नाही ना, याची खात्री कर. अर्ध्याहून जास्त सरकला असेल तर थांब. तपासणीआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे काढून ठेवाव्या लागतात, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार बदलतो आणि मोजमाप चुकतं. ऑपरेशनपूर्वीच्या मोजमापांची फाइल जपून ठेव. म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर आतल्या लेन्सचा नंबर ठरवताना ती उपयोगी पडते. काचबिंदूची तपासणी करणाऱ्यालाही लेसर झाल्याचं सांगायचं, कारण पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

तपासणीची तारीख मिळाली की कळव. ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत असेन आणि नंतर थेंबांच्या वेळाही मीच सांभाळेन. दोन दिवस तुला मोबाइलकडे बघू देणार नाही.

तुझी,
आई