औषध लागू पडत नाही की लावलंच जात नाही?

मा. संपादक,
स.न.

मला सोरायसिस (कातडीवर खवल्यांचे लाल चट्टे उठणारा आजार) होऊन 14 वर्षं झाली, आणि "तुम्हाला कुठलं औषधच लागू पडत नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही ते खरं वाटायला लागलेलं. मागच्या वर्षी एका नवीन स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, मलमाची ट्यूब किती दिवस पुरते? म्हटलं 30 ग्रॅमची अडीच महिने जाते. मग त्यांनी माप दाखवलं, तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम फक्त बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. माझे चट्टे 12 तळहात भरले, म्हणजे एकावेळी 3 ग्रॅम, म्हणजे ट्यूब 10 दिवसात संपायला हवी होती! मलमात स्टेरॉइड आहे ह्या भीतीने मी नुसता हात पुसल्यासारखं लावत होतो आणि जरा उतार पडला की बंद, आणि ह्याच जोरावर फाइलमध्ये एकेक औषध फेल म्हणून लिहिलं गेलं.

पुरेसं लावलं, ते सांगतील तेवढेच दिवस, तेव्हा दीड महिन्यात कोपरं साफ झाली.

सगळं मलमावरच असतं असं नाही. बीपीसाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मनाच्या आजारावरचं लिथियम, मलेरियावरची काही औषधं ह्यांनी सोरायसिस भडकू शकतो, सिगरेट आणि वाढलेलं वजन आहेच. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद केल्या की आजार जोरात उसळू शकतो, कधी पू भरलेले फोडही येतात. मेथोट्रेक्सेटसारख्या सोरायसिसवरच्या गोळीला पूर्ण गुण यायला तीन ते सहा महिने लागू शकतात आणि माणूस तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलतो. कधी निदानच चुकलेलं असतं, नायट्यावर स्टेरॉइड लावलं की तो ओळखू येईनासा होतो. आणि मन खचलं ना की रोज रात्री तासभर मलम लावत बसायची ताकदच राहत नाही, हे मी स्वतः भोगलंय, पण त्याबद्दल तपासताना कोणी विचारत नाही.

डॉक्टरांना हात जोडून विनंती, औषध बदलायच्या आधी किती लावता, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत, झोप लागते का एवढं विचारा, रागावू नका फक्त, नाहीतर पेशंट खोटं सांगतो. आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत ते बोटाच्या पेराचं माप चित्रासकट छापाल का?

एक वाचक