गच्ची सगळ्यांची, सोलर कोणाचं?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला घरगुती सोलरवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळा बंगलेवाल्यांसाठीच लिहिल्यासारखा वाटला. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८,००० रुपये सबसिडी हे आता सगळ्यांना पाठ झालंय, पण फ्लॅटमधल्या माणसाची स्वतःची गच्ची असते कुठे? याच योजनेत हाउसिंग सोसायट्यांनाही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत, आणि लेखात नेमकं हेच राहून गेलं. अडतं ते पैशापेक्षा जनरल बॉडी मीटिंगमध्ये. आमच्याकडे वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची भीती, कुणाला पापड-कुरडया वाळवायच्या कुठे ही काळजी (तीही खरीच म्हणा), आणि पार्किंगवरून भांडण सुरू झालं की सोलरचा विषय थेट पुढच्या वर्षावर. गळतीची शंका रास्त आहे, म्हणून वॉटरप्रूफिंग आधी उरकायचं, आणि टाकीची सावली पडते तिथे पॅनल बसवायचंच नाही, कारण साध्या जोडणीत एकावर सावली आली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटते. पुढच्या लेखात असलं काहीतरी द्या, सबसिडीचा तक्ता परत नको.

– एक वाचक, ठाणे