मंत्रीसाहेब, माणदेशातली लोकर माळावर कुजतीय, ती डाळिंबाच्या बुडात जाऊ द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. आटपाडी, सांगोला, माण, जत या बाजूला कातरणीच्या दिवसांत आलात तर एखाद्या धनगरवाड्यावर थोडा वेळ थांबा. कातरणारा एका मेंढरामागं जी मजुरी घेतो तेवढे पैसेसुद्धा त्या मेंढराच्या लोकरीचे येत नाहीत, म्हणून बरेच मेंढपाळ लोकर पोत्यात भरतच नाहीत, तिथंच माळावर सोडून वाडा पुढं हलवतात. कातरावं तर लागतंच, नाहीतर जनावराला उन्हाचा त्रास होतो. म्हणजे पदरचे पैसे घालून माल काढायचा आणि टाकून द्यायचा. मला हे खरंच बघवत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बरीचशी काळी, स्वेटरला ती चालत नाही हे मान्य, म्हणून गिरण्यांना मऊ लोकर ऑस्ट्रेलियातून आणावी लागते. पण याच राठ लोकरीवर सनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या, पिंजून, चरख्यावर सूत काढून, चिंचोक्याची खळ लावून. पट्टणकोडोलीच्या यात्रेत आजही भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, एवढा तिचा मान. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माणूस पावसात दिवसभर मेंढरांमागं फिरायचा, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा आत ओढून घेते तरी हाताला ओली लागत नाही आणि ओलावा ओढताना थोडी उष्णता सोडते. पेटायलाही अवघड, साधारण 570 ते 600 डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय ती पेट घेत नाही, नायलॉनसारखी वितळून अंगाला चिकटत नाही, जाळ बाजूला केला की बहुतेक वेळा आपोआप विझते.

आणखी बरंच आहे. परदेशात घराच्या भिंतीत आणि छपराखाली लोकरीचे थर घालतात, मग आमच्या पत्र्याच्या घरांना ते का नको? ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल सांडलं होतं, तसलं तेल कच्ची लोकर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट शोषून घेते. ड जीवनसत्त्वाच्या ज्या गोळ्या आपण मेडिकलमधून आणतो त्यातलं डी3 बहुतेक वेळा लोकरीच्या मेणापासूनच बनवलेलं असतं (दख्खनी लोकरीत हे मेण कमी असतं, त्यामुळं त्या वाटेनं आपल्याला फार काही मिळेल असं मी म्हणणार नाही).

माझं खरं म्हणणं डाळिंबाबद्दल आहे.

ज्या तालुक्यांत मेंढरं जास्त तिथंच डाळिंबाच्या बागा आणि तिथंच पाण्याची बोंब. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, स्वच्छ लोकरीत ते 15-16 टक्के असतं, मातीनं भरलेल्या कच्च्या लोकरीत त्याहून कमी पण तरीही शेणखताच्या कितीतरी पट. ते एकदम सुटत नाही, जमिनीतले जिवाणू लोकर सावकाश कुजवतात तसं महिनोन्‌महिने झाडाला मिळत राहतं, आणि तोवर ती लोकर ओल धरून ठेवते. जर्मनीत आणि अमेरिकेत मेंढीवाले शेतकरी टाकाऊ लोकर दाबून, तापवून तिच्या गोळ्या करून खत म्हणून विकतात, तापवल्यामुळं तिच्यात अडकलेलं तणाचं बीसुद्धा मरतं. आपल्याकडं मेंढरं रानात बसवून लेंडीखत घ्यायची पद्धत जुनीच आहे, शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो, मग लोकरीचे का देणार नाही? फायदा दिसला तर नक्की देईल.

आता अडचणीही सांगतो, कारण मी स्वतः डाळिंबवाला आहे. बहार धरण्याआधी, म्हणजे फुलं-फळं आणण्याआधी, आम्ही बागेचं पाणी तोडून तिला ताण देतो, त्या वेळी लोकर बुडात ओल धरून बसली तर ताणच बसणार नाही. मर रोगाच्या बागेत बुडाशी सतत ओलावा राहणं वाईटच. म्हणून लोकर कधी घालायची, खोडापासून किती लांब, किती खोल, भारी जमिनीत किती आणि मुरमाड रानात किती, हे आधी नीट तपासायला हवं, उगाच शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नये. त्यासाठी सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ते केंद्र सरकारचं आहे, पण तुमच्या खात्यानं लोकर पुरवून एकत्र चाचणी मागितली तर कोण नाही म्हणेल?

दुसरं म्हणजे खरेदी. महूद, रांजणी, दहिवडीला शेळी-मेंढी महामंडळाचे फार्म आहेत, कातरणीच्या काळात तिथं वजनकाटा ठेवा आणि मजुरी भागून चार पैसे उरतील असा दर द्या. फार्मवर गोळ्या करायचं एक मशीन बसवा, सुरुवातीला एकच पुरे. महामेष योजनेतून तुम्ही 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर देता, चांगलं आहे, पण त्या 21 जनावरांच्या लोकरीचं काय करायचं तेही त्याच योजनेत लिहून टाका. प्लॅस्टिक मल्चिंगला अनुदान मिळतं, ते प्लॅस्टिक फाटून रानातच राहतं आणि नांगरताना फाळात गुंतून वर येतं, त्या यादीत लोकरीची चटई घालायला कृषिमंत्र्यांना सांगा. लोकर मातीतच जिरते, मागं काही ठेवत नाही.

पुढची कातरणी यायच्या आधी निदान महूदच्या फार्मवर खरेदी सुरू करा एवढी विनंती. चाचणीला बाग लागली तर माझी देतो.

आपला,
माणदेशातला एक डाळिंब बागायतदार