हीटर बंद करू नका, फटी बुजवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बिलाचा फोटो मिळाला. आई, रक्कम बघून तू लगेच ‘आता हीटर लावायचाच नाही’ असं ठरवून टाकलंस, ते साफ चुकीचं आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि उतारवयात ते महागात पडतं. घरातलं तापमान निदान 18 अंश सेल्सियस असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या वयाला त्याहून थोडं जास्तच बरं. एक साधा थर्मामीटर भिंतीवर टांगा, हीटरसमोर किंवा उन्हात नको. काटकसर करायची ती वाया जाणाऱ्या उबेची, अंगाला लागणाऱ्या उबेची नाही.

बाबा, तुम्ही आधी बिलावरचे युनिट बघा आणि त्यांना बिलाच्या दिवसांनी भागा. दोन बिलांचे दिवस सारखे नसतात, त्यामुळे नुसत्या रकमेवरून काही कळत नाही. रीडिंग अंदाजे टाकलंय का, तेही तपासा. मग मीटरपाशी जा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा शेजारी छापलेला असतो. समजा 3200 आहे. बाकी सगळं बंद करून फक्त 2000 वॅटचा हीटर पूर्ण जोरावर लावलात, तर अर्ध्या मिनिटात साधारण 53 वेळा लुकलुकेल. हीटर आणि फ्रिजही बंद असताना दिवा भराभर लुकलुकत असेल, तर बहुधा गीझर चालू राहिलाय.

तेलाचा हीटर वीज कमी खातो, हा समज डोक्यातून काढून टाका. तेलाचा, पंख्याचा की लाल दांड्यांचा, 2000 वॅटचा कुठलाही हीटर सलग तासभर चालला की 2 युनिट जाणार आणि उष्णताही तेवढीच मिळणार. फरक ती कुठे जाते याचा. दांड्यांचा हीटर समोरच्या माणसाला थेट शेकतो, म्हणून एका जागी बसून पेपर वाचायला तो बरा, आणि त्याला एक दांडी पुरते. तेलाचा सावकाश तापतो, सावकाश निवतो. दार लावलेल्या खोलीत थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू होईल असा, ठेवायला तो चांगला. खरी बचत करतो तो गरम हवेचा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिटात साधारण तिप्पट ऊब देतो. कडाक्याच्या थंडीत जरा कमी. रिमोटवर सूर्याचं चिन्ह असलेला मोड आहे का बघा. असेल तर हीटर माळ्यावर टाका.

झोपताना खोली 18 अंशांच्या खाली जात नसेल, तर ती आणखी कशाला तापवायची, अंथरूण तापवा. 100 वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट अर्धा तास आधी लावायचं आणि आत शिरताना बंद करायचं. हीटरच्या वीस पट कमी वीज. त्याला घडी पडू देऊ नका, घडीत तार जास्त तापते. बाबांच्या पायांना चटका लवकर कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवून झोपायचं नाही. अंथरूण ऊबदार झालं की काढून घ्यायची.

आता फटी. दाराखालची 1 सेंटिमीटरची फट किरकोळ वाटते, पण 90 सेंटिमीटर रुंदीच्या दाराला ती म्हणजे भिंतीत तळहाताएवढं भोक. वारा असेल त्या दिवशी पंखे बंद करून, पडदे बाजूला घेऊन, पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक आहे; जिथे आडवा पळतो तिथे खडूची खूण करा. फोमची पट्टी चिकटवण्याआधी चौकट पुसून कोरडी करा, धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात लोंबते. सरकत्या खिडकीला फोम नको, ब्रशची पट्टी लागते. खालच्या पन्हळीतली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी चालेल, पण तुमच्या पायात येणार नाही अशी.

एक अपवाद. गॅस गीझर असलेल्या बाथरूमचा झरोका कधीही बुजवायचा नाही, आणि बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही. कोंडलेल्या जागी गॅस किंवा कोळसा जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर या, कारण नंतर शोधू.

विजेच्या गीझरचं गणित सोपं आहे. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला जवळपास 1.2 युनिट आणि 2000 वॅटला पस्तीसेक मिनिटं. त्यातलं 10 लिटर आणि तेवढंच गार पाणी मिळून 40 अंशांची एक बादली होते, म्हणजे एका तापवणीत दोघांच्या आंघोळी होतात. फक्त लागोपाठ उरका. थर्मोस्टॅट 60 च्या खाली फार उतरवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम. कॉइलवर क्षार बसले की बिल वाढतं असं मेकॅनिक सांगेल. वीज तेवढीच लागते. कॉइल मात्र आतून जास्त तापून जळते. म्हणून पाणी जड असेल तर वर्षातून एकदा साफ करून घ्या आणि तेव्हाच आतली मॅग्नेशियमची कांडी झिजलीय का दाखवायला सांगा. ती संपली की टाकी गंजते.

2000 वॅटला जवळजवळ 9 अँपिअर लागतात. हीटर 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही. अर्ध्या तासाने बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. चटका बसला किंवा पिना काळ्या दिसल्या, तर सॉकेट सैल झालंय. बदलल्याशिवाय वापरू नका.

तुमची,
लेक

ता. क. पाणी तापताना गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडतात, ते पडू देत. दिवसभर गळत असेल तर प्लंबरला बोलवा. बाबा, तिथे बूच मारायचं नाही!