प्रोखोरोव्हकाचा खंदक

संपादक महोदय,

युद्धाचे खेळ म्हणजे निव्वळ गोळीबार, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. गेले तीन आठवडे मी संगणकावर, पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळात, दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत आणि जर्मन रणगाड्यांची प्रोखोरोव्हकाची लढाई (१२ जुलै १९४३) सोव्हिएत बाजूने खेळतो आहे. सहा वेळा हरलो. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचे समोरचे चिलखत १०० मिलिमीटर, तोफ ८८ मिलिमीटरची. माझ्या टी-३४ रणगाड्याच्या ७६ मिलिमीटर तोफेने समोरून त्याचे काहीच बिघडत नाही. म्हणजे उघड्या मैदानातून जवळ जाऊन बगलेवरच मारा करायचा. आणि वाटेत काय, तर सोव्हिएतांनीच खणलेला रणगाडाविरोधी खंदक! त्या दिवशी खरे रणगाडेही तिथेच अडकले होते. सातव्या वेळी अर्धे रणगाडे रेल्वेच्या भरावाआड थांबवले, घाई केली नाही, तेव्हा कुठे जिंकलो. टी-३४ मध्ये चौघे असत. गमावलेल्या रणगाड्यांचा आकडा मी आता दर वेळी चारने गुणतो.

आपल्या पत्रात बुद्धिबळाचे डाव छापता, तशी या खेळांनाही कधी जागा द्यावी, ही विनंती.

– एक नियमित वाचक